जागा आहे तर पैशाची खात्री नाही, पैसा आहे तर जागा नाही. १५ एप्रिलपर्यंत काय ठरवू?

मलप्रभाकाठ
२८ मार्च, रात्री ११:४२

नमस्कार. चार-पाच वर्षं इथं नुसतीच वाचतेय, लिहायची ही पहिली वेळ. लांबलंय, चालवून घ्या.

मी खानापूर तालुक्यातली. सातवीपर्यंत गावची मराठी शाळा, हायस्कूल खानापुरात, बी.एस्सी. बेळगावात, एम.एस्सी. धारवाडला. सध्या बेंगळुरूत एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट आहे. काम वटवाघळांवर. (हसू नका. आमच्या भीमगड अभयारण्यात बारापेडे गुहा आहेत. तिथं रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात ते फार थोड्या ठिकाणी सापडलंय. लहानपणी त्याच जंगलाच्या कडेनं मामाच्या गावी जायचो, तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं.)

अमेरिकेच्या मध्य भागातल्या एका सरकारी विद्यापीठातून पीएचडीचा प्रवेश आलाय. पहिल्या वर्षी टीएशिप (वर्गात शिकवायला मदत करायची, त्याचा पगार), नऊ महिन्यांचे २४,००० डॉलर, ट्यूशन माफ. पुढच्या वर्षांबद्दल पत्रात एकच वाक्य आहे: प्रगती समाधानकारक असेल आणि निधी उपलब्ध असेल तर मदत चालू राहील. ज्या सरांकडे जायचंय त्यांच्याशी व्हिडिओवर बोलले. माणूस सरळ आहे. त्यांनीच सांगितलं की चालू ग्रँट (संशोधनाचा निधी) पुढच्या वर्षी संपते, नवी मिळेल का हे आज सांगता येत नाही.

दुसरीकडं माझ्याकडं सीएसआयआरची जेआरएफ आहे (नेट परीक्षेतून मिळणारी केंद्र सरकारची संशोधन फेलोशिप). महिना ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. पण ती घेऊन बसायचं कुठं? आपल्याकडच्या संस्थांच्या मुलाखती मे-जूनमध्ये, निकाल त्यानंतर. अमेरिकेला उत्तर द्यायचंय १५ एप्रिलला. आणि जेआरएफच्या पत्राला मुदत दोन वर्षांची, त्यातले आठ महिने गेले.

जर्मनीत मास्टर्सचाही प्रवेश आहे. तिथं बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही म्हणून स्वस्त वाटतं, पण व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवायचे. म्हणजे बारा लाखांच्या आसपास, एकरकमी. तो पर्याय मनातून काढलाच आहे.

घरी अप्पांची अडीच एकर भातशेती, थोडे काजू. दादा उद्यमबागेत फाउंड्रीत. अप्पा एवढंच म्हणतात, "लागलंच तर जमीन हाय की." ते ऐकलं की मला झोप लागत नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा पेचातून गेलंय का?

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट
२९ मार्च, सकाळी ६:१५

जा की बाई. एवढा विचार कशाला करालाईस? आमच्या खात्यात पोरं दुबईला जाताना एजंटाला दोन-दोन लाख मोजून जातात, तिथं काम मिळंल का नाही ठाऊक नसतंय. तुला तर ते उलटं पैसे देऊलेत. एक वर्ष तर एक वर्ष.

लोंढा_जंक्शन
२९ मार्च, सकाळी ९:३०

रुमाल टाकून ठेवतो. माझी भाची याच रांगेत आहे.

अनगोळ_ते_आयोवा
२९ मार्च, दुपारी १:०५

माझं इथलं पाचवं वर्ष. विषय वेगळा (मृदाशास्त्र), पण पैशाचं गणित तेच.

आधी तारखेचं बोलतो. १५ एप्रिल ही तुमच्या फायद्याची तारीख आहे. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या इथल्या विद्यापीठांच्या संघटनेचा एक ठराव आहे. त्याला मान्यता दिलेल्या विद्यापीठांनी पैशासकट दिलेल्या प्रवेशाला त्याआधी उत्तर द्यायची सक्ती करायची नाही. आधी हो म्हटलं असेल तरी १५ पर्यंत लेखी कळवून माघार घेता येते. तेव्हा मधल्या काळात कुणी "दोन दिवसांत सांगा" म्हटलं तर नम्रपणे या ठरावाची आठवण द्या. स्वतःच्या खर्चानं मास्टर्सला जाणाऱ्यांना हे लागू नाही, बाकीच्यांनी गल्लत करू नका.

आता पैसे. तुम्ही "फंडिंग" हा एकच शब्द वापरताय, पण त्यात तीन वेगळे खिसे आहेत. टीएचा पैसा विभागाच्या शिकवण्याच्या बजेटमधून येतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे जीवशास्त्राचे वर्ग भरलेले आहेत तोवर प्रात्यक्षिकं घ्यायला माणसं लागतातच. आरएचा (संशोधनात मदतीचा) पैसा तुमच्या सरांच्या ग्रँटमधून. ग्रँट गेली की तो गेला. फेलोशिप विद्यापीठाच्या किंवा बाहेरच्या निधीतून. तुमच्या पत्रात टीए आहे. त्यामुळं सरांची ग्रँट संपणार ही बातमी वाटते तेवढी वाईट नाही. त्यांची ग्रँट संपली तर तुम्हाला पाच वर्षं टीए करावी लागेल, आठवड्याचे वीस तास त्यात जातील, पीएचडी लांबेल. हाल आहेत, पण घरी परत पाठवणार नाहीत. मात्र विभाग टीएच्या जागा किती वर्षं देतो हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

दुसरं: नऊ महिन्यांचे २४,००० म्हणजे बारा महिन्यांना भागून महिना २,०००. उन्हाळ्याचे तीन महिने कोण देणार? एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर वाटेल ते काम करता येत नाही. मी पहिल्या उन्हाळ्यात ग्रंथालयात पुस्तकं लावली, आणि महिनाभर एका मित्राच्या हॉलमध्ये झोपलो. "ट्यूशन माफ" याचा अर्थ "फी माफ" असा धरू नका. विद्यार्थी शुल्क नावाचा प्रकार वेगळा असतो, तो पगारातूनच जातो. आरोग्यविम्याचा किती भाग ते भरतात तेही बघा.

ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मेल करा. काय विचारायचं: टीए किती वर्षं लेखी देता, उन्हाळ्यात गेल्या वर्षी किती जणांना मिळालं, शुल्क नेमकं किती, पहिला पगार कुठल्या तारखेला, टीए होण्यासाठी इंग्रजी बोलण्याची वेगळी परीक्षा आहे का. शेवटचा प्रश्न विसरू नका. कित्येक ठिकाणी ती परीक्षा पास झाल्याशिवाय वर्गात उभं करत नाहीत, मग टीएच अडकते. आणि २०२५ मध्ये आलेल्या विद्यार्थ्यांपैकी कुणाचे पैसे मध्येच थांबले का, हे विभागाला विचारण्यापेक्षा तिथल्या दोन विद्यार्थ्यांना गाठून विचारा.

वडगाव_मागवाला
२९ मार्च, रात्री १०:२०

अनगोळकर, सगळं बरोबर, पण २०२५ तुम्ही एका ओळीत उरकलंत. त्या फेब्रुवारीत एनआयएचनं (तिथली आरोग्य-संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) ग्रँटवर विद्यापीठाला मिळणारा वरखर्च १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. कोर्टानं अडवलं, पण तोवर विद्यापीठांनी हात आखडले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन मेडिकल स्कूलनं दिलेले पीएचडी प्रवेश मागं घेतले. दिलेले! तुमच्या विषयाला एनएसएफ (विज्ञान-संशोधनाला पैसा देणारी तशीच संस्था) लागतं. त्यांचं २०२६ चं बजेट निम्म्याहून जास्त कापायचा सरकारचा प्रस्ताव होता. संसदेनं तो तसा मानला नाही, पण ज्या प्राध्यापकाची ग्रँट संपत आलीय तो हिंमत करून विद्यार्थी घेईल का? २७ मेपासून तीन आठवडे तर विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींना नव्या तारखा देणंच बंद होतं.

आता दुसरी बाजू, कारण मी तीच भोगलीय. ३७,००० हा आकडा पत्रावरचा आहे. माझी फेलोशिप (योजनेचं नाव घेत नाही) एकदा अकरा महिने आली नाही. मग एकदम आली. त्या अकरा महिन्यांत मेसवाल्याकडं वही होती, वडगावात बाबांचे चार माग होते, त्यावर निभावलं. खोलीमालकाला काय सांगणार, दिल्लीहून फाइल निघाली नाही?

पण एक फरक आहे. इथं पैसा उशिरा येतो. तिथं बंद होतो. आणि इथं बंद पडला तरी रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी घरी.

मलप्रभाकाठ
२९ मार्च, रात्री ११:५०

अनगोळदादा, मेल लिहून ठेवली, उद्या पाठवते. इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेचं मला माहीतच नव्हतं.

वडगावकर, अकरा महिने?? आमच्या लॅबमध्ये चार महिने झालेले पाहिलेत, तोच कळस वाटला होता.

निपाणीकर_निवृत्त
३० मार्च, सकाळी ७:४०

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच चिकोडी-निपाणी भागात. जमिनीचा विषय निघालाय म्हणून लिहितो.

तुमचे वडील "जमीन आहे" म्हणतात ते प्रेमापोटी. प्रत्यक्षात शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. सरफेसी कायद्यातून (यात बँकेला कोर्टात न जाता तारण जप्त करता येतं) शेतजमीन वगळलेली आहे, बुडीत कर्जात ती जप्त करून विकायची तर बँकेला कोर्टाच्या फेऱ्या. म्हणून शाखाधिकारी बिनशेती प्लॉट किंवा घर मागतो. गावातलं घर असेल तर ई-स्वत्तूचा (कर्नाटकातल्या पंचायतीच्या मिळकत-नोंदीचा) फॉर्म ९ आणि ११ लागतो, आणि आपल्याकडं निम्म्या घरांचा उतारा अजून आजोबांच्या नावावर. वारसा लावायला सहा महिने धरा.

चार लाखांपर्यंत तारण नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेतून बिनतारण मिळू शकतं, अधिकाऱ्याला तेवढी उमेद असेल तर. नवी पीएम विद्यालक्ष्मी योजना ऐकून कुणी धावत जाऊ नका, ती भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे.

मग जमीन जाते कशी? बँकेतून जात नाही. गावातला कुणीतरी "मी देतो, कागद करून ठेवू" म्हणतो, आणि खरेदीखत होतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नव्हे. तेव्हा वडिलांना स्पष्ट सांगा की जमिनीच्या कागदाला हात लावायचा नाही. पीएचडीला पगार असतो. तुम्हाला कर्ज लागलंच तर ते तिकिटाला आणि पहिल्या दोन महिन्यांना, तीन-चार लाख. त्याला जमीन कशाला?

कंग्राळी_चौथी_गल्ली
३० मार्च, सकाळी ११:१०

महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत ना? आपण सीमावादातल्या ८६५ गावांतले. इंजिनिअरिंगला माझा भाऊ सीमाभागाच्या ई टाइपमधून कोल्हापूरला लागला होता.

लोंढा_जंक्शन
३० मार्च, दुपारी १२:००

प्रवेशाचं वेगळं, शिष्यवृत्तीचं वेगळं. भाचीसाठी मी चौकशी केली. पहिला कागद मागितला महाराष्ट्राचा अधिवास दाखला. म्हटलं आम्ही सीमाभागातले, तर समोरचा म्हणाला, "हो का, मग कर्नाटकात बघा." कर्नाटकात गेलो तर नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये मिळाला, तो विद्यापीठाला चालेना, भाषांतर-नोटरी करून ५०० रुपये गेले. आपण त्रिशंकू आहोत, राजा.

कंग्राळी_चौथी_गल्ली
३० मार्च, दुपारी १२:०८

म्हणूनच म्हणतो, १९५६ पासून जे चाललंय त्याचा निकाल लागल्याशिवाय...

व्यवस्थापक
३० मार्च, दुपारी १२:३०

सीमाप्रश्नासाठी वेगळे तीन धागे आहेत, त्यातला एक कालच पाचशे प्रतिसादांवर गेला. इथे मुलीला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं आहे. पुढचे चार प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

निपाणीकर_निवृत्त
३० मार्च, संध्याकाळी ६:००

शिष्यवृत्तीवरून एक. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप (अनुसूचित जाती, भटके-विमुक्त वगैरेंसाठी) चांगली आहे, पण २०२५ मध्ये १०६ जणांची निवड करून सुरुवातीला पत्रं ४० जणांनाच दिली, बाकीच्यांना निधी आला तर, असं सांगितलं. म्हणजे "निधी उपलब्ध असल्यास" हे वाक्य अमेरिकेचीच मक्तेदारी नाही. जे त्या गटात येतात त्यांनी अर्ज जरूर करावा, पण दुसरा दरवाजा बंद करू नये.

मलप्रभाकाठ
३० मार्च, रात्री ९:१५

मी त्या गटात येत नाही काका, आम्ही मराठा, इथं कर्नाटकात मागासवर्गाच्या ३बी गटात. मराठा महामंडळाकडं परदेशी शिक्षणासाठी काही आहे का, हे दादा बघायला जाणार आहे. जमिनीचं तुम्ही लिहिलेलं मी अप्पांना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो बँकवाला शहाणा हाय."

खानापूरच्या_बाई
३१ मार्च, पहाटे ५:३०

मी शिक्षिका, आता निवृत्त. बाळ, तुझ्या लिहिण्यात सगळे पैसे आहेत, तुला काय करायचंय ते एका कंसात आहे. बारापेडेची वटवाघळं. अमेरिकेत गेलीस तर ती अभ्यासणार का तिकडची?

मलप्रभाकाठ
३१ मार्च, रात्री ११:३०

बाई, दिवसभर या प्रश्नावर अडकले होते. सरांचं काम तिकडच्या गुहांमधल्या वटवाघळांवर, आवाजाच्या नोंदी आणि रोग. ते तंत्र इथं फार कमी जणांकडं आहे. मला ते शिकून परत भीमगडला यायचंय. पण हे वाक्य मी गेल्या सहा महिन्यांत तीन अर्जांत लिहिलंय, त्यामुळं ते खरं आहे की अर्जाची सवय, मलाच कळेना झालंय.

वडगाव_मागवाला
१ एप्रिल, सकाळी ८:००

मग बेंगळुरूतच कर की. आवाजाच्या नोंदीची यंत्रं इथंही मिळतात. जेआरएफ वाया घालवू नकोस. ती परीक्षा पास होणं काय असतं हे इथल्या निम्म्यांना माहीत नाही. तिकडं गेलीस आणि दोन वर्षांनी परत आलीस तर हे पत्र रद्दी.

अनगोळ_ते_आयोवा
१ एप्रिल, सकाळी ९:२५

जेआरएफ पुन्हा देता येते. असा सल्लागार पुन्हा मिळत नाही. ग्रँट संपतेय हे स्वतःहून सांगणारा प्राध्यापक मी पाच वर्षांत एकच पाहिला, आणि तो माझा नव्हता.

वडगाव_मागवाला
१ एप्रिल, सकाळी ९:४०

"जेआरएफ पुन्हा देता येते" हे आयोवात बसून म्हणायला सोपं आहे. वयाची अट असते.

अनगोळ_ते_आयोवा
१ एप्रिल, सकाळी ९:५२

मान्य. ते वाक्य मागं घेतो. सल्लागाराचं घेत नाही.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट
१ एप्रिल, दुपारी ३:००

दोघंबी बरोबर हाय. ताई, तुझा दादा कुठल्या फाउंड्रीत हाय? सांगू नको इथं, असंच विचारलं. आमच्यात एकजण दिवसभर फोनवर "आय-ट्वेंटी, आय-ट्वेंटी" करालाय, मला वाटलं गाडी घ्यायलाय.

मलप्रभाकाठ
१ एप्रिल, रात्री १०:००

तोच असणार 😄 आय-२० म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद, गाडी नव्हे.

मलप्रभाकाठ
७ एप्रिल, रात्री १:१०

उत्तर आलं. कोऑर्डिनेटर बाईंनी प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं, हेच मला विशेष वाटलं.

टीए: पत्रात एकच वर्ष होतं. मी विचारल्यावर विभागप्रमुखांशी बोलून दोन वर्षं लेखी द्यायला तयार झाले, सुधारित पत्र येईल. तिसऱ्या वर्षापासून "प्रयत्न करतो", लेखी नाही. उन्हाळा: गेल्या वर्षी अर्ज केलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना मिळाला. शुल्क सत्राला ९०० डॉलरच्या आसपास. पहिला पगार सप्टेंबरअखेर, आणि मी पोचणार ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. बोलण्याची परीक्षा आहे, माझा टोफेलचा बोलण्याचा गुण चालतो, सुटले.

तिथल्या दोन विद्यार्थिनींशी बोलले. एक नेपाळची, एक केरळची. कुणाचा पगार मध्येच थांबला नाही, पण २०२५ मध्ये त्या विभागानं नवीन प्रवेश निम्मे केले. केरळची म्हणाली, सर रविवारी मेल करत नाहीत. हे तिनं निधीच्या आधी सांगितलं.

अनगोळ_ते_आयोवा
७ एप्रिल, सकाळी ८:१५

विचारल्यावर एकाचे दोन झाले, पाहिलंत? दोन वर्षं लेखी म्हणजे वाईटात वाईट काय, तर मास्टर्स घेऊन बाहेर पडता येतं. विभागाला तेही विचारून ठेवा, पीएचडीच्या वाटेवर मास्टर्स देतात का. रागावत नाहीत.

हिशोब: २,००० महिना धरून चाला, शुल्काचे महिना १५० काढा. खोली दोघींत ६००-७००, किराणा २५०, विम्याचा वाटा, फोन, बस. थोडं उरतं. कराचं एक सांगतो, फार थोड्यांना माहीत असतं: भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळं भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून ठरावीक रकमेची सरसकट वजावट) मिळतं, इतर बहुतेक देशांच्या एफ-१ मुलांना मिळत नाही. तुमच्या पगारावर त्यानं कर बराच कमी होतो. पहिल्या वर्षी मी ते न घेता विवरण भरलं आणि नंतर दुरुस्त करत बसलो.

आणि ऑगस्ट-सप्टेंबर. डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, सत्राचं शुल्क, सगळं पहिल्या पगाराआधी. माझे २,८०० डॉलर गेले होते. तिकीट वेगळं.

निपाणीकर_निवृत्त
७ एप्रिल, सकाळी ९:००

म्हणजे मी म्हटलं तसं तीन-चार लाख. चार लाखांच्या आत बसतंय. अर्ज ऑनलाइन करा, म्हणजे शाखेला नाही म्हणताना कारण लिहावं लागतं. शाखेत जाताना वडिलांना न्या, सहकर्जदार तेच. आणि पासबुकावरचं नाव आधारशी जुळतं का ते आजच बघा.

मलप्रभाकाठ
७ एप्रिल, दुपारी १:३०

काका, नाव!! तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

माझं नाव ज्ञानदा. मराठी शाळेतल्या गुरुजींनी इंग्रजीत डी एन वाय ए असं लिहिलं, दहावीच्या मार्कस् कार्डावर तेच. आधार काढला तेव्हा कन्नडवरून इंग्रजी झालं, जे एन ए. पासपोर्ट आधारवरून, म्हणजे जे एन. जेआरएफचं पत्र मार्कस् कार्डावरून, म्हणजे डी एन. अमेरिकेच्या विद्यापीठाला मी कुठली? आणि अप्पांचं नाव पासबुकात एक, उताऱ्यावर दुसरं, आधारवर तिसरंच.

लोंढा_जंक्शन
७ एप्रिल, दुपारी २:००

आमच्या घरी ज्ञानेश्वर दोन आहेत, एक जे वाला, एक डी वाला. सख्खे चुलतभाऊ. बँकेत कुणी विश्वास ठेवत नाही.

निपाणीकर_निवृत्त
७ एप्रिल, संध्याकाळी ७:१०

आय-२० आणि व्हिसा दोन्ही पासपोर्टप्रमाणेच. तेव्हा विद्यापीठाला पासपोर्टवरचं नाव द्या. मार्कस् कार्डासाठी "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र करून घ्या, बेळगावात कोर्टाच्या आवारात होतं. वडिलांचंही वेगळं करा. एकाच कागदावर दोघांचं करू नका, एकदा तसं केलेलं परत आलेलं पाहिलंय.

खानापूरच्या_बाई
८ एप्रिल, पहाटे ५:४५

त्या काळी आम्ही शाळेत जसं कानाला लागेल तसं लिहायचो. माफ कर गो.

कंग्राळी_चौथी_गल्ली
९ एप्रिल, रात्री ८:२०

ते एच-१बी ची (तिकडच्या नोकरीच्या व्हिसाची) एक लाख डॉलर फी वगैरे? सप्टेंबर २०२५ चं. पीएचडी करून तिकडं नोकरीच मिळणार नसेल तर?

अनगोळ_ते_आयोवा
९ एप्रिल, रात्री ८:५५

तो विचार २०३१ चा. आणि तिला परत भीमगडला यायचंय.

मलप्रभाकाठ
१४ एप्रिल, रात्री ११:२०

सुधारित पत्र ११ तारखेला आलं. दोन वर्षं, सहीनिशी. आज संध्याकाळी हो कळवलं.

कसं ठरवलं ते लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलाय. पाडव्याला घरी जाता आलं नव्हतं, म्हणून या शनिवारी गेले. दादानं भिशी उचलायची तयारी ठेवलीय, दीड लाख. बाकीचं चार लाखांच्या आतलं कर्ज, माझ्या नावावर. अप्पांना सांगितलं की जमिनीचा कागद पेटीतून निघाला तर मी जाणार नाही. आई मध्येच म्हणाली, दोन वर्षांनी पैसे थांबले तर? मी म्हटलं, तर मास्टर्स घेऊन परत येईन आणि पुन्हा नेट देईन. ती म्हणाली, "मग तवा वटवागळं कुठं जाऊलीत?" त्यावर अप्पा हसले. निर्णय तिथंच झाला म्हणायचा.

जेआरएफ सोडवत नाहीये, हे खरं. रडले मी त्यावर. वडगावकर, तुम्ही म्हणालात ते चूक नव्हतं.

एक प्रश्न उरलाय. व्हिसाची मुलाखत जूनमध्ये, मुंबईला मिळाली तर. तो नाकारला गेला तर हातात काहीच नाही. म्हणून बेंगळुरूच्या संस्थेच्या मुलाखतीला जाऊ का? की हो म्हटल्यावर ते बरं दिसत नाही?

वडगाव_मागवाला
१४ एप्रिल, रात्री ११:४५

जा. शंभर टक्के जा. व्हिसा नाकारला तर त्या विद्यापीठाला तू फसवलं असं होत नाही. उलट जेआरएफचं पत्र जिवंत ठेव, कुठं जमा करू नकोस, रद्द करू नकोस. व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत ते तुझंच आहे.

(आणि रडू नकोस. मी माझी फेलोशिप सोडली असती तर मागावर बसलो असतो, म्हणून मला ती मोठी वाटते. तुझं वेगळं आहे.)

अनगोळ_ते_आयोवा
१५ एप्रिल, सकाळी ७:३०

पहिल्यांदाच वडगावकरांशी पूर्ण सहमत. फक्त बेंगळुरूच्या संस्थेनं प्रवेश दिला आणि व्हिसाही आला, तर त्याच दिवशी कळवा. तुमच्या मागं प्रतीक्षायादीवर कुणीतरी असतं.

अभिनंदन. जाड स्वेटर इकडं येऊन घ्या, तिथून आणू नका, बेळगावची थंडी म्हणजे थंडी नव्हे.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट
१५ एप्रिल, दुपारी ३:१०

तुझ्या दादानं आज सगळ्या शिफ्टला कुंदा वाटला. कशाबद्दल ते सांगंना. मी म्हटलं मला ठाऊक हाय, तर माझ्याकडं बघतच राहिला.

निपाणीकर_निवृत्त
१५ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

प्रतिज्ञापत्र झालं का?

मलप्रभाकाठ
१५ एप्रिल, रात्री १०:०५

झालं काका. फक्त नोटरीनं त्यात तिसरंच स्पेलिंग टाकलंय. उद्या परत जातेय.